बजारातला रोहू

साहेबानं दातातला काटा काढला, पत्रावळीच्या कडेले ठेवला आनि साऱ्या गावासमोर म्हनलं, "इतका चांगला मासा खाता, आणि तलाव नासला म्हणून रडता? फुकट खायची सवयच लागली आहे तुम्हा लोकांना."

लोक हसले. आमचेच लोक. साहेब हसला म्हनून हसले. माही माय भाताचा गंज घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली.

तलावाच्या अनुदानाचा अर्ज मी लिवला होता. आमी ढिवर, मासे धरनारे. पोंभुर्ण्याच्या बाजूचं गाव, तलावावर पोट. वरच्या अंगाले कोळसा धुवाचा कारखाना झाला तवापासून नाल्यानं काळं पानी उतरते. जाळ्यात मासा येते, पन शिजवला का घासलेटाचा वास मारते. बजारात कोनी घेत नाई. तलावातला गाळ काढाचा, नाल्याच्या तोंडावर पानी गाळाचा बांध घालाचा, एवढ्यासाठी अर्ज. मंजूर झाला तर तलाव जगते. नाई तर आमी सारे वीटभट्टीवर.

अनुदान समितीचा साहेब पाहनीले येनार म्हनून निरोप आला. आमच्यात तलावावर आलेल्या पाव्हन्याले मासा वाढल्याबिगर पाठवत नाई. पन आमचा मासा वाढाव कसा? मी म्हनलं, "माय, हाच वाढ. खाऊ दे त्याले." माय भडकली. "पाव्हन्याच्या पोटात जहर घालू का मी?" गेली पोंभुर्ण्याले, बजारातून बर्फातले दोन रोहू घेऊन आली. आमी घरचे त्या दिवशी आंबील पेलो.

मी गप बसली. चूक माहीच. बीए झालेली पोरगी मी, तरी मले समजलं नाई का हा मानूस पाहनीले येऊन राह्यला, पाव्हना म्हनून नाई.

जेवाच्या आधी काठावर गाडी थांबवली होती त्यानं. खाली उतरलाच नाई. नाकाले रुमाल लावला, सोबतच्या मॅडमले इचारलं, "वास पाण्याचा येतो की यांचा?" मॅडम खिदळली. मी दोन हातावर उभी होती. नाल्याच्या तोंडावरून भरलेली काळ्या पान्याची बाटली मी पुढं केली. "ठेव खाली. गाडीला हात लावू नको." एवढंच बोलला माह्यासंग.

जेवन झाल्यावर त्यानं कागद काढला. लिवता लिवता मोठ्यानं वाचलं, "मासे उत्तम. तलाव सुस्थितीत." मंग मायले म्हनलं, "बाई, अंगठा लाव. मासा याच तलावाचा, म्हणून."

मायनं हात पुढं केला. खरंच केला. पाव्हन्याले नाई कसं म्हनाव, एवढंच तिच्या डोक्यात.

मी तिचं मनगट धरलं. "मासा बजारातला आहे साहेब. तलावातला मासा आमचं कुत्रंबी खात नाई."

साहेबानं कागदावरून मान वर केली.

"म्हणजे फसवलंत. जातच खोटारडी तुमची."

"फसवलं नाई. जेवू घातलं. तुमी खाल्लं."

मायनं खाडकन माह्या तोंडात मारली. "पाव्हन्यासमोर माही इज्जत काढतं?" साहेबानं पहिलं लिवलेलं खोडलं, नवीन लिवलं. समितीची दिशाभूल, अर्ज नामंजूर. उरलेला रोहू मात्र ड्रायव्हरकडून डब्यात भरून घेतला. लाज नावाची गोष्ट त्याच्या गावाले नसनच.

माय महिनाभर माह्याशी बोलली नाई. मी रडली, खूप रडली. साहेबासाठी नाई, तिच्या त्या पुढं केलेल्या हातासाठी. आमच्या चांगुलपनाचाच कागद करून आमाले बुडवाले निघाले होते हे लोक.

मी पुन्हा अर्ज लिवला आहे. नामंजूर केला तर अजून लिवीन. ज्याले पाहनी कराची त्यानं पहिले पायजमा-पँट वर कराव आनि गुडघाभर काळ्या पान्यात उतराव, मी संग उतरीन. उतरत नसन तर त्याच्या गाडीपुढं आडवी पडीन. आमच्या तलावावर आता पाव्हना कोनी येत नाई. जो येते, तो जाब द्याले येते.