खालाची जागल

सलीमभाईचा फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या दवाखान्यात एका आजोबांचं सलाइन बदलत होते. "वैशू, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला. त्याची अम्मी, म्हणजे हमीदाखाला, नात्यानं आमची कोणी नव्हती. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथं आमची आणि तिची भिंत एक, शेताचा बांधही एक. मी सुट्टी मागायला गेले, तर मेट्रननं विचारलं, "कोण लागतात तुमच्या?" मी म्हटलं, शेजारीण. त्यांच्या कपाळावर आठी उमटली आणि मला असा राग आला म्हणून सांगू! त्या आठीला द्यायचं उत्तर त्या दिवशी जमलं नाही, ते आज महिन्याभरानं लिहिते आहे.

मी दहावीत होते त्या वर्षीची गोष्ट. बीटीच्या कपाशीला बोंडअळी शिवत नाही, असं तोवर जो तो छातीठोकपणे सांगायचा. त्या हंगामात बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी, आणि कापूस किडका, पिवळा. आमचे बाबा मुळात बडबडे. बैलांशीसुद्धा गप्पा मारायचे. ते अचानक मुके झाले. जेवताना ताटाकडे बघत बसायचे. त्यातच शेजारच्या गावातल्या एका माणसानं जीव दिल्याची बातमी आली. तो बाबांच्याच वयाचा, बाबांसारखाच कापूसवाला. त्या दिवसापासून मी बाबांवर लक्ष ठेवायला लागले. कोणाला सांगितलं नाही, कारण बोलले तर ते खरं होईल असं वाटायचं. पुस्तकातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचे. आईला वाटलं परीक्षेचं टेन्शन. ती भिजवलेले बदाम खाऊ घालायची. शाळेतले सर म्हणाले, डोळे मिटून दीर्घ श्वास घे. डोळे मिटले की नेमके बाबाच दिसायचे, म्हणून मी डोळे टक्क उघडे ठेवून श्वास घ्यायचे.

एका रविवारी बाबा शेतात गेले तशी मीही मागोमाग गेले आणि तुरीच्या ओळीत लपून बसले. मागून आवाज आला, "काऊन वं, कोणाले पाहून राह्यली?" खाला होती, ओटीत वेचलेला कापूस घेऊन उभी. मी थापा मारून पाहिल्या, पण खालासमोर थाप टिकत नसे. रडतच सगळं सांगून टाकलं. आता ही हसेल, नाहीतर 'असं कुठं असते का, येडी!' म्हणून उडवून लावेल, असं मला वाटलं. ती तशीच बांधावर खाली बसली. बराच वेळ कापसातला कचरा निवडत राहिली. मग म्हणाली, "भेव खोटं नाई तुहं. पण एकट्यानं जागल होते काय बाई?"

जागल म्हणजे शेताची राखण. आमच्याकडे डोंगरातून रानडुकरं उतरतात, त्यामुळे पीक उभं असलं की शेतातल्या उंच माळ्यावर राखणीला दोघं दोघं जातात. खालाचा नवरा गेल्यावर ती स्वतः सलीमला घेऊन जागलीला जायची. "एक जागते, दुसरा झोपते," ती सांगू लागली. "झोपणाऱ्यानं वाहाना काढाच्या अन् आडवं व्हाचं. मधात उठून पाह्याचं नाई, पयला जागा हाय का नाई म्हणून. तसं केलं त दोघंबी जागे, अन् सकायी दोघंबी निकामी. समजलं? आता दिवसाची जागल माही. रातची तुह्या मायची, तिले मी सांगतो. तुही फक्त सांजीची, शाळेतून आल्यापासून रातच्या जेवणालोक."

ऐकायला सोपं होतं. पहिल्याच आठवड्यात मी मधल्या सुट्टीत शाळेतून पळत शेतावर गेले. खालानं लांबूनच पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "माह्या जागलीत काऊन आली? भरोसा नाई का माह्यावर?" तशीच परत पाठवली. मी तिच्यावर जाम चिडले होते. पण रविवारी ती मला बांधावरच्या कडुनिंबाखाली आडवं करायची, चपला स्वतःच्या हातानं काढून बाजूला ठेवायची आणि वेचता वेचता बाबांना मोठ्यानं काहीबाही विचारायची. "भाऊ, तुह्या बैलाचा खूर बरा झाला का?" "तुरीले फवारा लागीन का रे भाऊ?" बाबांना उत्तर द्यावंच लागायचं. सुरुवातीला एका शब्दात, मग दोन वाक्यांत. बाबांचा आवाज कानावर येत राहिला की डोळे मिटून पाहायची गरज राहत नसे... एकदा तिथं अशी झोप लागली, की उठले तेव्हा गालावर मातीच्या ढेकळाचे वळ होते.

खालाची एकदा फजिती झाली. बाबा विहिरीच्या काठावरून आत उतरताना दिसले आणि तिनं जी बोंब ठोकली, ती ऐकून अर्धं शिवार धावत आलं. बाबा मोटारीच्या पाइपातला गाळ काढायला उतरले होते. डोक्यावर शेवाळ घेऊन ते वर आले, तर समोर वीस-पंचवीस माणसं. "मले वाटलं, घसरलास," खाला म्हणाली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. लोक हसत पांगले. ते दोघं मात्र कडुनिंबाखाली कितीतरी वेळ बसून होते. काय बोलणं झालं, ते मला कळलं नाही. त्यानंतर बाबा संध्याकाळी माझ्या अभ्यासाजवळ येऊन बसायला लागले. कधी दोरी वळायचे, कधी तूर निवडायचे. लक्ष ठेवायला बरं पडतंय म्हणून मी खूश होते. हळूहळू पुस्तकातली ओळ पुढं सरकायला लागली. परीक्षेत काही दिवे लावले नाहीत, पण प्रत्येक पेपर शेवटपर्यंत बसून लिहिला. त्याआधी चाचणीत मी अर्ध्यातून उठून आले होते.

खालाच्या दफनानंतर बाबा आणि मी तिच्या अंगणात बसलो होतो. बाबांचे डोळे सुजले होते. मी इतक्या वर्षांनी त्यांना जागलीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"विहिरीच्या दिवसापासून. तिनं सगळं सांगतलं. मले लय लाज वाटली. म्हटलं, आता मी काय करू भाबी? त ती म्हणे, तुही पोरगी झोपत नाई. सुट्टीच्या दिवशी मी पाह्यतो तिच्याकडं, पण सांजीची जागल तुही. तिले एकटी सोडू नको. खरं सांगू का वैशू... तवा मले घरी याले एक काम भेटलं."

म्हणजे मी पुस्तकाआडून बाबांवर नजर ठेवत होते आणि बाबा तुरीच्या सुपाआडून माझ्यावर. मधे भिंतीपलीकडे खाला भाकरी थापत होती आणि दोघांचंही गुपित पोटात ठेवून होती. एवढं मोठं उपकाराचं काम करून तिनं आयुष्यभर त्यातलं अवाक्षर काढलं नाही. आता आभार मानायचे तर कुणाचे मानू?

मी नोकरीला लागल्यापासून बाबा रोज संध्याकाळी फोन करतात. "काय जेवली? दार लावलं का?" मी वैतागते, हो-हो करून ठेवून देते. काल विचारलं, "बाबा, रोज काऊन करता फोन?" पलीकडून उत्तर आलं, "भाबीनं सांजीची जागल सांगतली होती. सोड असं कधी म्हटलंच नाई तिनं."