विधानसभेच्या ठरावाचा गूळ

आमच्या गावात भांडण मिटवायची एक रीत आहे. पंच बसतात, दोन्हीकडचं ऐकतात आणि ठराव झाला की भांडणारे दोघं एकमेकांच्या तोंडात गुळाचा खडा घालतात. झालं, भांडण मेलं. पुन्हा उकरून काढणाऱ्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. माझे बाबा जन्मभर असे पंच. मावला गावाच्या अलीकडे आमचा भाजीचा मळा. पण वांगी तोडता तोडता कोणी बोलवायला आलं की टोपलं माझ्या हातात देऊन बाबा निघालेच. अस्सा राग यायचा! गावाच्या उठाठेवी यांनी करायच्या आणि घरचं काम आम्ही.

माझा धाकटा भाऊ परदेशात इमारतीच्या कामावर गेला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिकडे लढाई पेटली आणि त्याचा फोन बंद झाला. रस्ते बंद, कोणी कोणाचा ठावठिकाणा सांगेना. माय देवापुढे बसून राहायची, त्याची बायको, आमची वयनी, फोनपुढे, आणि मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत फिरायची.

मग एका दुपारी टीव्हीवर बातमी आली. इकडची पोरं तिकडे अडकली म्हणून आपल्या हैदराबादच्या विधानसभेनं त्या देशातल्या समेटाच्या बोलण्यांना एकमतानं पाठिंबा दिला. बातमी तेलुगूत होती. आमचं घर मराठी, म्हणून बाबांना मीच मराठीत सांगितली. बाबा ताडकन उठले.

"एकमतानं? ठराव झाला?"

"झाला, बाबा."

"मंग मिटलं! एवढे मोठे पंच बसले. आता कोणाची हिंमत हाय बंदूक उचलाची?"

इथल्या पाठिंब्यानं तिथली बंदूक खाली ठेवली जात नाही, एवढं मला कळत होतं. पण वयनीचं तोंड उजळलेलं दिसलं, आणि खरं सांगू, मलाही तेच ऐकायचं होतं.

बाबांनी गूळ फोडला. घरोघरी मीच वाटला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काऊन वं, पोरगं आलं का?"

"येऊन राह्यलं, आजी," मी म्हटलं.

वयनीनं त्याचे सगळे शर्ट धुऊन वाळत घातले. माय कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आणि खरंच, काही दिवसांनी तिकडचा गोळीबार थांबला. आमच्या ठरावानं नव्हे, थकले असतील मेले. पण बाबा अंगणात ताठ मानेनं बसायला लागले. "सांगतलं होतं ना मी?" येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे.

त्यानंतर हैदराबादहून, सरकारी कचेरीतून फोन आला. बोलणारा माणूस सावकाश बोलत होता. लढाई थांबली म्हणून रस्ते मोकळे झाले, पडलेल्या इमारतींचा मलबा उपसता आला. त्यात माझा भाऊ सापडला. लढाई सुरू झाली तेव्हाच गेलेला. आम्ही नवस बोललो, गूळ वाटला, शर्ट धुतले, तेव्हा तो त्या मलब्याखाली होता.

मला त्या शांततेचाच राग आला. लढाई चालू होती तोवर आमच्यापुरता तरी माझा भाऊ जिता होता. आग लागो त्या शांततेला, असं मी भर अंगणात ओरडले. असं बोलू नये, कळतं मला. तिकडच्या किती आयांची लेकरं वाचली असतील. पण माझा भाऊ गेला होता हो, आणि माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. बाबा अंगणातून उठून आत गेले.

पेटी आली ती सीलबंद. उघडायची नाही, असं बजावून सांगितलेलं. माणसांनी ती अंगणात उतरवली. वयनीला बायकांनी धरून ठेवलं होतं. माय पेटीजवळ बसली, पदर सावरला आणि गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, "बापू, याचं डोस्कं कोणीकडं हाय?"

त्याला मराठी कळेना. मी हिंदीत विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"मालूम नै, अम्मा."

मग माय या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटीवरून हात फिरवत राहिली. कुठं ना कुठं तर त्याचं डोकं असणारच होतं.