टेम्पोत बसलेला कोल्हा

लग्न होऊन पेणला आले तेव्हा आमच्या घराच्या गच्चीपासून समोरच्या नारळापर्यंत एक लांबलचक तार ताणलेली होती. मला वाटलं, सासरी कपडे वाळत घालायची चांगली सोय आहे. मी तिच्यावर दोन ओल्या साड्या टाकल्या, आणि खालच्या खोलीत सासऱ्यांचं कुणा परदेशी माणसाशी चाललेलं बोलणं तुटलं. ती तार म्हणजे त्यांच्या वायरलेसची एरियल होती. सासरे हॅम होते. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ हौसेखातर जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलणारे. ते रागावले नाहीत. त्यांनी मला सेटसमोर बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि म्हणाले, "ऐक, तुझ्या साड्यांनी काय केलंय ते." काही ऐकू येत नव्हतं. बहुधा तेच ऐकवायचं होतं.

पुढे मीही परीक्षा दिली. दिवसा औषधाच्या दुकानात गोळ्या द्यायच्या आणि संध्याकाळी सेटवर बसायचं, असा माझा क्रम ठरून गेला. पेण आणि रोहा मिळून आमचा एक क्लब होता. त्यात बाई मी एकटीच. पेणकर संख्येने जास्त आणि रोहेकर बोलायला जास्त, त्यामुळे सभेत दोन्ही पारडी समान राहायची.

क्लबचा वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे थंडीतली कोल्ह्याची शिकार. हा कोल्हा म्हणजे डब्याएवढा एक छोटा ट्रान्समीटर. एकाने तो कुठेतरी लपवायचा. तो थोड्या थोड्या वेळाने पी-पी करत राहतो. बाकीच्यांनी हातातली एरियल फिरवत, आवाज कुठल्या दिशेला मोठा होतो ते पाहत तो शोधायचा. ही एरियल थेट माशाच्या काट्यासारखी दिसते. एका जागेवरून दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा दिशा घ्यायची. नकाशावर दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे कोल्हा.

ही गोष्ट घडली तेव्हा डोलवीची कंपनी नवी होती आणि कोल्हा लपवायची पाळी रोह्याच्या सेक्रेटरींची होती. रंगांच्या कारखान्यात केमिस्ट असलेला हा गृहस्थ गेल्या तीन शिकारी ओळीने हरला होता. "यंदा तुम्हाला सापडला तर मी मिशी काढीन," असं त्याने सेटवरून सगळ्यांच्या साक्षीने सांगितलं होतं. त्याला मिशी नव्हती.

माझे जोडीदार रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. ते स्कूटर चालवायचे, मी मागे एरियल घेऊन बसायची. शाळेच्या मैदानावरून निघताना दिशा घेतली तर कोल्हा उत्तरेला, जिकडे गणपतीच्या कारखान्यांची गावं आहेत तिकडे. सगळ्या जोड्या तिकडेच धावल्या. काका म्हणाले, "धावू देत. आपण खाडीकडे जाऊ, तिथून दुसरी रेघ मारू आणि मग सरळ कोल्ह्याच्या डोक्यावर उतरू."

म्हणून आम्ही खारजमिनीतल्या बांधावर गेलो. एका बाजूला भाताची कापलेली शेतं, दुसऱ्या बाजूला मिठागरं. मी बांधावर उभी राहून एरियल फिरवत होते आणि काका होकायंत्र घेऊन नकाशावर वाकले होते. मागे वळून पाहिलं तर सात-आठ बायका. मिठागरातल्या कामावरून तशाच उठून आल्या होत्या. पुढच्या म्हातारीच्या हातात मीठ ओढायचं फावडं होतं.

"काय मोजताव गो बाय?"

"काही नाही मावशी, मोजत नाही. शोधतोय."

"काय शोधताव?"

मी खरं ते सांगितलं. "कोल्हा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीने फावड्याने खाडीकडची तिवरांची झाडी दाखवली. "कोलं तिकडं हायत. रोज सांजचं वरडतात. त्यांना धरायला नकाशा कशाला लागतो?"

काकांनी समजवायला घेतलं. विद्युतचुंबकीय लहरींपासून सुरुवात केली. मी त्यांचा शर्ट ओढला, पण ते थांबेनात. त्यांचं होईपर्यंत बायकांनी आमच्याभोवती गोल केला होता आणि स्कूटरची किल्ली एकीच्या कमरेला गेली होती.

"असाच काटा घेऊन कोणी कोणी आलं," म्हातारी सांगायला लागली. तिचा आवाज चढला नव्हता. "नकाशा घेऊन, टोपी घालून. काय नाय मावशी, काय नाय मावशी, म्हणत. मागनं कळलं का पल्याडची जागा कंपनीला गेली. आमी इचारायचं नाय काय?"

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. माझ्या डोक्यावर उन्हाची टोपी, हातात यंत्र, बरोबर नकाशा उघडलेला एक पुरुष. मी तिच्या जागी असते तर मीही किल्ली घेतली असती. मी नकाशाची घडी करून तिच्या हातात दिली आणि माझा हेडफोन तिच्या कानाला लावला. "मावशी, हे ऐका. हाच आमचा कोल्हा. रविवारचा खेळ आहे आमचा. ज्याला आधी सापडेल तो जिंकला."

तिने ऐकलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही. मी एरियल तिच्या हातात दिली आणि फिरवून दाखवलं. "उत्तरेकडे केलं की आवाज मोठा होईल बघा."

"नाय व्हत."

"असं कसं? जरा डावीकडे."

"डावीकडं नाय. हिकडं मोठा हाय." तिने एरियल पूर्वेला, हमरस्त्याकडे धरली होती.

मला वाटलं, तिचा हात हलला. मी हेडफोन घेऊन ऐकलं. आवाज खरंच पूर्वेला होता. काका म्हणाले, एरियलचा जोड सुटला असेल. त्यांनी जोड तपासला, बॅटरी तपासली, मला चष्मा लावायला सांगितला. तेवढ्यात पुन्हा पी-पी सुरू झालं. आता ते आणखी दक्षिणेकडे सरकलं होतं.

म्हातारीने आमच्या दोघांची तोंडं पाहिली. "काय झाला?"

"मावशी," मी म्हणाले, "कोल्हा पळतोय."

यावर मात्र सगळ्या बायका हसल्या. किल्ली लगेच परत मिळाली. नकाशा तिने ठेवून घेतला. "ह्यो राहू दे. पोराला दाखवते," म्हणाली. आम्ही हुज्जत घातली नाही.

हमरस्त्याला लागून आम्ही दक्षिणेला निघालो. काकांनी आयुष्यात कधी चाळीसच्या वर स्कूटर नेली नव्हती, त्या दिवशी नेली. मी मागे बसून एरियल पुढे धरली होती आणि येणारे ट्रकवाले आम्हाला बघून आपणहून बाजूला होत होते. वडखळच्या नाक्यावर नेहमीसारखी वाहनांची कोंडी होती, आणि तिथे आवाज इतका वाढला की हेडफोन काढावा लागला. समोर एक टेम्पो उभा होता. आत पेंढ्यात बसवलेले न रंगवलेले, पांढरेशुभ्र गणपती.

ड्रायव्हर बिडी पेटवत होता. मी म्हणाले, "दादा, तुमच्या एका मूर्तीत आमचा ट्रान्समीटर आहे."

त्याने मला नीट पाहिलं. मग काकांना विचारलं, "बाई तुमच्याच काय?"

त्यालाही हेडफोन लावावा लागला. मी एरियल आकाशाकडे केली, मग टेम्पोकडे केली, आणि त्याने बिडी विझवली. आम्ही तिघांनी एकेक मूर्ती तिरकी करून खालून आत पाहिलं. तिसऱ्या मूर्तीच्या पोकळ पोटात, सुतळीने बांधलेला, आमचा कोल्हा बसला होता. मूर्ती रोह्याला रंगवायला चालल्या होत्या. सेक्रेटरीने कारखानदाराला सांगून डबा आत बांधला, पण टेम्पोत मूर्ती भरायला आलेल्या माणसाला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मी हातसेटवरून सेक्रेटरीला हाक मारली. "कोल्हा सापडला. ओव्हर."

"अशक्य. मी इथेच बसलोय, तो माझ्या मागे आहे. ओव्हर."

"मागे बघा. ओव्हर."

मग त्याचा आवाज आला, पण 'ओव्हर' म्हणायचं राहून गेलं. तो म्हणाला, "अरे देवा, गणपती कुठे गेले?"

नियमाप्रमाणे त्याने ट्रान्समीटरपाशीच बसायला हवं होतं. पण गणपतीच्या कारखान्याच्या मागे सगळ्यांच्या जेवणासाठी पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा आणि अंडी भरून भोवती पेंढा पेटवला होता. ती करपू नये म्हणून हा मनुष्य पाठ फिरवून जाळापाशी बसला होता. बाकीच्या पाच जोड्या त्याच कारखान्याच्या अंगणात येऊन, एकमेकांच्या एरियलला नावं ठेवत उभ्या होत्या.

आम्ही परत गेलो तेव्हा रोहेकरांनी हरकत घेतली, की चालता कोल्हा नियमात बसत नाही, शिकार रद्द धरावी. काकांनी विचारलं, चालता कोल्हा पकडणं सोपं की बसलेला? त्यावर पोपटी संपेपर्यंत वाद चालला. शेवटी बक्षिसाचा टेस्ट-मीटर आम्हाला मिळाला, आणि ट्रान्समीटरपाशी बसलेल्याने स्वयंपाकात लक्ष घालू नये, असा नवा नियम झाला. सेक्रेटरीने त्याला अनुमोदन दिलं. पोपटी छान झाली होती. एक शेंगही करपली नव्हती.