चूलबंद आवतण

आप्पा गुरवांनी उभ्या हयातीत कुणाच्या घराचा उंबरा ओलांडला नसेल. दारापुढे यायचे, पायरीच्या एका अंगाला उभे राहायचे, खांद्यावरचा पंचा सारखा करायचे आणि जेवणाचं आवतण एका दमात सांगून मोकळे व्हायचे. आतून "बसा की आप्पा" असं येईपर्यंत स्वारी पुढच्या दारात. मी एकदा विचारलं, की घटकाभर टेकलात तर काय बिघडेल? म्हणाले, "बसलं की गप्पा निगत्यात. अन् गप्पात आवतण ऱ्हाऊन जातंय."

दिंद्रुडपासून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, आवतण महादेवाच्या गुरवानंच द्यायचं ही रीत. आप्पांना अक्षर ओळखीचं नव्हतं, पण कुठल्या घरापासून सुरुवात आणि कुठल्या घरी शेवट, कुणाच्या आधी कुणाला सांगितलं तर कोण रुसेल, हे सगळं डोक्यात पक्कं. आवतणाचेही प्रकार. घरटी एक माणूस बोलवायचा असेल तर 'माणशी' आवतण. घरातली लहानथोर, लेकुरवाळी, आल्यागेल्या पाहुण्यासकट सगळी बोलवायची असतील तर 'चूलबंद'. चूलबंद आवतण आलं की त्या वेळी घरात चूल पेटवायची नाही. पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान, आणि बोलावून जेवू घातलं नाही तर त्याहून मोठा. आप्पांची एकच फुशारकी होती, आणि ती ते दर चार दिवसांनी ऐकवत: "माझ्या तोंडचं आवतण आजपतुर खोटं पडलं न्हाई."

असा हा माणूस राजकारणात आला तो माझ्यामुळे. हे पुण्य की पाप, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

त्या काळी आमच्या मुलखात निजामसरकारचा अंमल. चार माणसं एका जागी जमवून दोन शब्द बोलायचे तर तहसिलीतून परवानगी काढावी लागे, आणि अर्ज केला की परवानगीच्या ऐवजी अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचा फौजदार, घोड्यावर बसून येई. तरी लोकांच्या हक्कांसाठी मुलखात जी परिषद निघाली होती, तिची शाखा आम्ही गावात काढली होती. मुलांना मराठीतून शाळा हवी आणि सभेवरची बंदी उठवा, एवढंच आमचं मागणं. शाखा म्हणजे काय, तर माझं किराणा दुकान. अध्यक्ष पाटलांचे धाकटे बंधू, ते कायम शेतावर. चिटणीस मी. स्वयंसेवक आप्पा. झाली कार्यकारिणी. मीठमिरची न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला पुडा बांधता बांधता मी सभासद करून घ्यायचो, आणि आप्पा सोमवारी घरोघर बेल वाटताना परिषदेचा निरोप पोचवायचे. अडचण एवढीच, की बेल देताना जे म्हणायचं ते आणि निरोप हे दोन्ही ते एकाच सुरात म्हणत. बऱ्याच बायांना वाटायचं, परिषद हे महादेवाचंच एखादं व्रत आहे.

बैठकीला आप्पा सगळ्यांच्या आधी हजर. सतरंजी झाडून टाकायची, कंदिलाची काच पुसायची, आणि आपण दाराशी बसायचं. मी ठरावाचा कागद हातात घेतला रे घेतला की त्यांचा हात वर. "मंजूर."

"अहो आप्पा, अजून वाचलाय कुठे मी?"

"तुमीच लिवलाय न्हवं चिटनीस? मंग वाचून कावून बगायचा?"

एकदा त्यांची खोड मोडावी म्हणून मी गंभीर चेहऱ्यानं ठराव वाचला, की आप्पा गुरव यांना स्वयंसेवकपदावरून कमी करण्यात यावं. त्यालाही पहिला हात त्यांचाच. आणि वर विचारतात कसे, पुढच्या बैठकीला सतरंजी कितीला टाकायची?

पत्रकांची हकिकत तर तालुक्यात गाजली. बीडहून छापील पत्रकं यायची, ती लपवायला आप्पांच्या पत्रावळींसारखी जागा नव्हती. पळसाच्या पत्रावळींच्या गठ्ठ्यात, दर दोन पत्रावळींमध्ये एक पत्रक. असा गठ्ठा उचलून आप्पा खुशाल पोलिसांच्या देखत तेलगावला जाऊन यायचे. आणि मग एक दिवस तो गठ्ठा चुकून एका लग्नघरी गेला. अर्धी पंगत बसली तेव्हा कुठे ध्यानात आलं, की सरकारविरोधी मजकूर वरणभाताखाली भिजतोय. मी दुकानात घामाघूम. आप्पा शांतपणे पंगतीतून फिरले आणि येऊन म्हणाले, "भिऊ नगा. पंगतीत वाचता येनारा एकच हाय, पटवारी. त्याला दोन बुंदीचे लाडू जास्तीचे वाढलेत." पटवाऱ्यानं लाडू खाल्ले, पत्रक घडी घालून टोपीत ठेवलं आणि पुढं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं. जे गेलं नाही ते सांगतो.

बीडचे एक वकील आमच्या गावात बोलायला यायला तयार झाले. एवढा मोठा माणूस आमच्या शाखेला पहिल्यांदाच लाभत होता. परवानगी मिळणार नव्हतीच, तेव्हा मी शक्कल काढली. महादेवाला अभिषेक आणि मग तीर्थप्रसाद, असा बहाणा. प्रसादाला एक ताटभर साखर-खोबरं सांगून ठेवलं. आप्पांना दुकानात बोलावून मी मोठ्या रुबाबात बजावलं, "उद्या दिवेलागणीला देवळात माणसं जमली पाहिजेत. बायाबापड्या, पोरंसोरं, सगळी. घरात एक माणूस राहता कामा नये."

"एकबी न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"एकही नाही."

"बरं," म्हणाले, आणि पंचा सारखा करून निघाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला देवळाचं आवार फुलून गेलं. मी खूश. वकीलसाहेबांना म्हटलं, पाहा आमच्या शाखेची ताकद. एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच जणांच्या हातात पाण्याचे तांबे आहेत. पोरं ओळीत मांड्या घालून बसलीत. एक म्हातारा दुसऱ्याला विचारत होता, की बेत कशाचा हाय. मी आप्पांना कोपऱ्यात ओढलं.

"आवतण कसलं दिलंत तुम्ही?"

"चूलबंद."

"अहो, चूलबंद कशाला? प्रसाद आहे नुसता, साखर-खोबरं!"

आप्पांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. म्हणाले, "चिटनीस, घरात एक मानूस राहू नये म्हनलात. मंग दुसरं आवतण कंचं हाय?"

त्यांचं बरोबर होतं. ज्यानं घर रिकामं होतं असं आवतण एकच. मला वाटलं, ते नुसतं 'या' सांगतील; त्यांना वाटलं सैपाकाचं चिटणीस बघतील. जन्मभर तसंच होत आलेलं, आवतण गुरवाचं आणि सैपाक घरधन्याचा.

त्यात भर म्हणजे घोड्याच्या टापा वाजल्या. अमीनसाहेब तेलगावच्या रस्त्यानं चालले होते. संध्याकाळची वेळ आणि आख्ख्या गावावर एकही धूर दिसेना, म्हणून त्यांनी घोडा इकडे वळवला. मी पुढे होऊन सलाम केला आणि जेवणाचा कार्यक्रम आहे म्हणून सांगितलं. दुसरं सांगणार काय?

"दावत है तो हम भी बैठते," अमीन ओट्यावर टेकत म्हणाले. "खाना किधर है?"

खाना नसला तर ही सभा, आणि सभा असली तर वकीलसाहेब आणि मी रात्रीच्या आत कोठडीत. पण खरं सांगतो, आप्पांच्या मनात कोठडी नव्हतीच. त्यांना एवढंच दिसत होतं, की दीडशे उंबरे आपल्या शब्दावर उपाशी येऊन बसलेत.

ते बायकांच्या बाजूला गेले. मी मागोमाग. तिथे पुढेच धोंडाबाई बसली होती, गावाच्या टोकाच्या घरची, एकटीच राहणारी, जिभेला धार असलेली बाई. आप्पांनी डोक्याचं मुंडासं काढलं आणि हात जोडले. "माझं चुकलं. जेवन न्हाई. समद्यांनी घरला जाऊन चुली पेटवा अन् भाकरी हिकडं घेऊन या. गावाची अब्रू तुमच्या हाती हाय."

धोंडाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "आवतण देऊन भाकरी मागायला आलास व्हय रे आप्पा?"

"व्हय," आप्पा म्हणाले. मान वर झाली नाही.

ती उठली. "चला गं," म्हणाली, आणि सगळ्या बाया उठल्या.

जेवण घरोघरून येतंय असं मी अमीनसाहेबांना सांगितलं, आणि पुढचा तासभर वकीलसाहेबांनी देवळात 'कथा' सांगितली. कथेत एक राजा होता, त्याच्या राज्यात लोकांना आपल्या भाषेत बोलायला बंदी होती, वगैरे. गाव कान देऊन ऐकत होतं. तेवढ्यात टोपल्या यायला लागल्या. कुणाचं पिठलं, कुणाचा ठेचा, कुणाची अंबाडीची भाजी, आणि गरम भाकरींची चळत. गावाच्या इतिहासात अशी पंगत झाली नव्हती. कुणाच्या घरची भाकरी कुणाच्या पानात, याचा ठाव राहिला नाही. अमीनसाहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या. घोड्यावर बसताना मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पिठलं बढिया था. मगर वकीलसाब की कथा में भगवान बहुत कम आए." आणि टाच मारून निघून गेले.

मी हवेत. सकाळी आप्पा दुकानात आले तेव्हा मी उठून त्यांची पाठ थोपटली. अहो, सगळं गाव एका रात्रीत परिषदेचं झालं, आणि तेही तुमच्या चुकीनं. आप्पा बसले नाहीत.

"आजपासून आवतणाला पुतन्या जाईल," म्हणाले. "माझं खोटं पडलं."

"खोटं कुठं? लोक जेवले की पोटभर."

"जेवले, पर आपल्याच घरचं. माझ्या आवतणाचं न्हाई जेवले."

मी हसलो. काहीतरी थट्टेचं बोललोही. आता आठवतही नाही आणि आठवावंसं वाटतही नाही. 'आप्पा, माझं चुकलं, सांगताना मीच अर्धवट सांगितलं' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण चिटणीस होतो ना मी. चिटणिसाचं चुकत नसतं.

आप्पा बोलल्याप्रमाणे वागले. परिषदेचं काम सोडलं नाही, सतरंजी तशीच वेळेवर पडायची, ठरावाला हात तसाच वर जायचा. पण आवतण घेऊन ते पुन्हा कुणाच्या दारी गेले नाहीत. मग सत्याग्रहाची हाक आली, तेव्हा आमच्या शाखेतून पहिलं नाव त्यांनी दिलं. मी म्हटलं, वय काय तुमचं, कशाला? "मला आता गावात काम काय हाय?" म्हणाले. पकडून नेल्यावर कचेरीत पेशा विचारला तेव्हा त्यांनी गुरव असं सांगितलंच नाही. "आवतण देत होतो," म्हणाले. लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं आणि शेवटी तो रकाना कोरा सोडला.

तुरुंगातून सुटून आले आणि पुढच्या उन्हाळ्यात तापानं गेले. चार दिवसांचं दुखणं. मी माजलगावला माल आणायला गेलो होतो. आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या बायकोनं मला आत नेऊन ज्वारीची कणगी दाखवली, गळ्यापर्यंत भरलेली. "दर सुगीला बाजूला टाकायचे," ती म्हणाली. "गावाचं एक जेवन ऱ्हायलंय म्हनायचे." मी तिच्यासमोरच रडलो. लाज वाटली नाही.

तेराव्याला त्याच कणगीतल्या ज्वारीनं सगळं गाव जेवू घालायचं ठरलं. आदल्या दिवशी पुतण्या आवतणाला निघाला, त्याला मी थांबवलं. दुकान बंद केलं आणि स्वतः निघालो. पाटलांच्या दारापासून सुरुवात केली. एका दमात सांगायला जमेना. तरी उंबरा कुठं ओलांडला नाही, बसलो कुठं नाही. तेराव्याची सकाळ उजाडली तरी फेरी संपली नव्हती, कारण क्रम चुकला की मी मागे जाऊन पुन्हा नीट सांगत होतो. धोंडाबाईचं घर तेवढं राहिलं होतं. तिची सकाळची चूल पेटलेली, तव्यावर भाकरी.

"कुनाचं आवतण?" तिनं आतूनच विचारलं.

"आप्पांचं. चूलबंद."

धोंडाबाईनं तवा खाली उतरवला आणि पेटती लाकडं एकेक करून मागं ओढली.