नंदीचे दोन डोळे

आमच्या दुकानातला सर्वात मोठा नंदी त्या साली एका डोळ्यानं रागावलेला आणि दुसऱ्या डोळ्यानं घाबरलेला निघाला.

आणीबाणीच्या सालची गोष्ट. नागपुरात तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी ओढत मिरवतात. ते आम्ही सुतार बनवतो. आमच्याकडे लाकूड माझं, डोळे बायकोचे. सरस्वतीनं कुंचला टेकवला की लाकूड पाहू लागायचं! ती त्या उन्हाळ्यात तापानं गेली. (न सांगता गेली. माहेरी पण अशीच जायची.)

पोळा तोंडावर आला. रामदासपेठेतल्या वकिलीणबाईंचा कमरेएवढा नंदी दुकानात आंधळा उभा! माझा पोरगा श्रावण म्हणे, "बाबा, बाईले नाही म्हणून सांगा. आईबिगर नाही जमत. दुकान बंद करू, मी मिलमधी लागतो."

"तुही माय गेली, धंदा नाही गेला! बस खाली. मी शिकवतो तुले."

"तुमाले येते?"

"जलमभर पाहून राहिलो ना मी!" (काय पाहिलं? जन्मभर तिच्याकडे पाठ करून रंधा मारला.)

काम लवकर उरकावं म्हणून मी नंदीच्या उजव्या बाजूला बसलो, श्रावणला डाव्या बाजूला बसवलं. मधात नंदीचं डोकं.

"मोठा काढ!"

"किती मोठा?"

"माह्याएवढा!"

"तुमचा दिसून नाही राहिला ना!"

"मंग अंदाजानं काढ, बैला!"

रंग वाळायच्या आत वकिलीणबाई आल्या. माझ्या बाजूनं पाहिलं आणि मागंच सरकल्या. पोराच्या बाजूला जाऊन म्हणाल्या, "अरे देवा, याला कोणी मारलं का?" मग समोरून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या!

श्रावण हळूच म्हणाला, "आई समोर बसे, बाबा. नाकासमोर नाक."

"मंग पहिले काहून नाही बोलला?"

"तुमी बोलू देता का?"

बाई म्हणाल्या, "काका, राहू द्या. मी दुसरीकडून घेते."

"दुसरीकडून काहून? उद्या दुपारी या. नंदी इथूनच जाईल!"

रॉकेलच्या चिंधीनं दोन्ही डोळे पुसले. श्रावणला समोर बसवलं. "दोन्ही तूच काढ. मी तोंड उघडलं तर कुंचला फेकून मार मले."

त्यानं नाकासमोर नाक धरून कुंचला टेकवला. दोन्ही डोळे झाले तसा नंदी माझ्याकडे पाहू लागला. मी मातीच्या पायांनी घरात शिरलो की सरस्वती पाहायची, थेट तसा! मी उठून पाय धुऊन आलो.

बाईंनी नंदी नेला. श्रावणनं मिलचं नाव काढलं नाही. आता सगळे डोळे तोच काढतो. मला शेपट्या रंगवायला देतो, आणि त्याही तपासून घेतो.