जागच्या जागी

"जागच्या जागी हाय."

तासाची घंटा झाली की ऑफिसातून बाहेर यायचं, कपाळावर तळहात आडवा धरून शाळेच्या सायकल शेडकडे बघायचं आणि हे तीन शब्द बोलून पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचं. आमच्या शाळेचे क्लार्क हे दिवसातून आठ वेळा करीत. पोरं तर म्हणत की घंटा झाली नाही तरी चालेल, बाबूजी बाहेर आले की तास संपला. क्लार्कला आमच्याकडे बाबूजीच म्हणतात, आणि मीही त्यांना तेच म्हणत असे. मी तिथं भूगोल शिकवतो.

जागच्या जागी असायची ती त्यांची मोटारसायकल. मुलगा झाला त्या वर्षी घेतलेली, टाकीवरचा रंग मांड्या घासून घासून उडालेला. गाडी उभी केली की ते वाकत, प्लगची काळी टोपी वायरीवरून पिळून काढत आणि शर्टाच्या खिशात टाकत. टोपी नाही तर गाडी चालू होत नाही. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या खिशाला एक तेलकट डाग असे. बायको होती तोवर त्या डागावरून घरात रोज बोलणी व्हायची, असं तेच सांगत. ती गेल्यावर डाग तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, इतक्या जुन्या गाडीला कोण हात लावणार? मीही म्हणायचो. त्यावर ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "सर, चोर काय मॉडेल पाहून राह्यला का?"

मग आमच्याकडे खरंच गाड्या जाऊ लागल्या. मोताळ्याच्या बाजारातून आमच्या दोन शिक्षकांच्या एकाच महिन्यात गेल्या. बाबूजींचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याच्या कानावर हे गेलं आणि दिवाळीला येताना तो काडेपेटीएवढी एक काळी पेटी घेऊन आला. स्टँडजवळच्या इलेक्ट्रिशियनकडून त्यानं ती सीटखाली बसवून घेतली. आत सिमकार्ड. गाडी कुठं आहे, किती वेगानं चालली आहे, कुठं किती वेळ थांबली, सगळं फोनवर दिसणार.

बाबूजींकडे बटणांचा फोन. म्हणून मुलगा माझ्याकडे आला. "काका, मी तर बघेनच, पण मी लांब आहे. तुमच्याही फोनमध्ये टाकून देतो. तुम्ही भूगोलाचे, नकाशा तुम्हाला कळतो."

झालं, मी हुरळलो. वीस वर्षं पोरांना अक्षांश-रेखांश शिकवतोय, पण माझ्या कामाची अशी कदर कोणी केली नव्हती.

आता खरं सांगतो. आठवड्याभरात मला त्या निळ्या ठिपक्याची चटक लागली. चहा घेता घेता मी फोन काढायचो आणि बाबूजी कुठं आहेत ते बघायचो. गाडीवर नजर ठेवतोय, असं स्वतःला समजावत होतो. पण उभ्या गाडीत बघण्यासारखं असतं तरी काय?

तिकडे पुण्याहून मुलगाही बघत होता. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "बाबा, राजूरच्या घाटात पंचवीस मिनिटं काय करत होतात?"

"माकडं पाहून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना बाबूजी हसले नाहीत. म्हणाले, "पहिले चोराले भ्यायचो, सर. चोर निदान विचारत तर नव्हता, कुठी गेलते म्हणून."

"काळजीपोटी विचारतो तो."

"हाव. काळजीच हाय ते. मी कुठी नाही म्हणतो?"

एकदा तर गंमतच झाली. पेट्रोल पंपावरून निघताना त्यांची गाडी चालू होईना. भर उन्हात त्यांनी प्लग काढला, घासला, फुंकला, कार्बोरेटर खोलला, शेवटी दोन किलोमीटर ढकलत घरी आणली. घामाघूम होऊन बसले तोच मुलाचा फोन. गाडी फोनवरून बंद करायची सोय त्या पेटीत होती, ती चालते का ते त्यानं पुण्यात बसून तपासलं होतं. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरधरून हसलो. बाबूजी मात्र कितीतरी वेळ खिशातली टोपी बोटांनी फिरवत बसले होते. ते पाहून मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. अकराला सुटते. तो ठिपका दर शनिवारी साडेअकराला गावाबाहेरच्या मारुतीपाशी थांबायचा आणि चार वाजेपर्यंत हलायचा नाही. मुलाला फार बरं वाटलं. मला फोन करून म्हणाला, "आई गेल्यापासून बाबा एकटे पडले होते. देवाधर्मात रमले, चांगलं झालं."

मला मात्र ते पटेना. जो माणूस शाळेच्या सरस्वतीपूजनाला नारळ फोडून लगेच पावती फाइल करायला पळतो, तो चार-साडेचार तास मारुतीपुढे बसेल? एका शनिवारी मी गेलोच. गाडी निंबाखाली उभी, सीटवर उन्हासाठी रुमाल, प्लगची टोपी गायब. देऊळ रिकामं. पायरीपाशी रुईच्या माळा विकणारी एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं.

"बाबूजी? ते गाडी ठेवतेत न काळीपिवळीनं जातेत."

"कुकडे?"

"जे जीप पहिले येते तिच्यात बसतेत. कधी इकडची, कधी तिकडची."

"पण जातात कुठं?"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या टोपलीतच हात घातला होता. "आता हे कोणी विचारते का, बापा?"

मी माळ घेतली, मारुतीला घातली आणि निमूट परत आलो. डोक्यात नुसता गोंधळ. या वयात काही भानगड असेल का? पण भानगडीला माणूस मिळेल त्या जीपनं जातो का? सोमवारी त्यांच्या पँटला कुसळं चिकटलेली होती. त्याच्या पुढच्या सोमवारी चपलेला लाल माती, आणि आमच्या भागात सगळी काळी. मी भूगोलवाला, मातीवरून गाव ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी विचारलं, "बाबूजी, परवा देवळात होतात का?"

"गाडी होती."

"गाडीचं नाही विचारत, तुमचं विचारतो."

"गाडी जागच्या जागी होती ना? मंग."

आणि मग ती गाडी गेली.

शनिवार होता, अडीच वाजले होते. माझ्या फोनवर सूचना आली की इंजिन बंद आहे आणि गाडी हलते आहे. म्हणजे कोणी तरी पिकअपमध्ये घालून नेत होतं. मी देवळापाशी पोचलो तेव्हा बाबूजी नेमके लवकर परतून एका जीपमधून उतरत होते. म्हातारी त्या दिवशी आली नव्हती. निंबाखाली तेलाचा डाग तेवढा होता. बाबूजींनी खिशाला हात लावला, टोपी आहे का बघितली आणि नुसते उभे राहिले.

"बाबूजी, दिसून राह्यली," मी फोन पुढे केला. "हा बघा ठिपका. चला ठाण्यात, आत्ता सापडते."

ठाण्यातला हवालदार भला माणूस होता. ठिपका पाहून तोही खुश झाला. म्हणाला, तक्रार द्या, मी लगेच पुढच्या नाक्यावर कळवतो. कागद घेऊन लिहू लागला. नाव, पत्ता, गाडीचा नंबर. मग सहज विचारलं, "गाडी ठेवून तुम्ही कुठं होते?"

बाबूजी खिशातली टोपी चाचपू लागले.

"देवळात होते, असं लिहू?"

"देवळात नव्हतो."

"मग कुठं होते? लिहावं लागते, काका. उद्या साहेब विचारतीन."

मी त्यांच्या कानाशी लागलो. "म्हणा ना देवळात होतो. कोण बघायला येतं?"

"सर, तीस वर्षं कागदं केली," ते हळूच म्हणाले. "खोट्यावर सही नाही केली."

"मग खरं सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, आताही नीट लागत नाही. मग ते उठले, हवालदाराला नमस्कार केला आणि म्हणाले, "मले तक्रार नाही द्यायची."

माझा पारा चढला. बाहेर येऊन मी त्यांना वाटेल ते बोललो. ज्या गाडीसाठी आयुष्यभर शर्ट खराब केले ती डोळ्यांदेखत चालली होती, आणि हा माणूस एक वाक्य लिहून देईना. ठिपका नळगंगेच्या पुलापर्यंत गेला आणि तिथंच विझला. चोरानं पेटी उपटून नदीत टाकली असणार. "आता तं दिसत नाही ना?" बाबूजींनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. मला तो सुटका झाल्यासारखा वाटला, पण माझी चूकही असेल.

मुलगा पुढच्याच आठवड्यात आला. तक्रार का दिली नाही यावर घरात काय झालं ते मला माहीत नाही. जाताना तो वडिलांना टच फोन देऊन गेला. म्हणजे आता गाडीचं काम उरलं नाही, खुद्द बाबूजीच नकाशावर दिसू लागले.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. नवा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लोटला.

"सर, हे ठेवजा. जागच्या जागी राहू द्या. चार वाजता येतो."

मी मान डोलावली. नाही म्हणायला हवं होतं का? तेव्हापासून दर शनिवारी मीही वह्या तपासत चारपर्यंत शाळेत थांबू लागलो. ड्रॉवरमध्ये फोन वाजायचा, मुलाचा फोटो उजळायचा, विझायचा. कोणी विचारलं तर बाबूजी शाळेत काम करताहेत. चारला ते येत, चेहरा उन्हानं रापलेला, आणि हसून फोन घेत. गाडी नव्हती तरी प्लगची टोपी खिशात असायचीच. मी विचारलं, हे कशाला आता? म्हणाले, "सवय हाय. खिसा रिकामा लागते."

असे सात-आठ शनिवार गेले असतील.

मग एका शनिवारी चार वाजले, पाच वाजले, ते आले नाहीत. साडेपाचला मुलानं मलाच फोन केला. "काका, बाबा अजून शाळेतच दिसतायत. फोन उचलत नाहीत."

"ऑनलाइन माहिती भरायचं काम आलंय," मी म्हणालो. "गुंतले असतील."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दिवेलागणीला शिक्षकांच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. वरवट बकालच्या स्टँडवर एक अनोळखी वृद्ध मृतावस्थेत मिळाले, ओळख पटल्यास कळवावे. चेहरा नव्हता, खिशातल्या वस्तू होत्या. चष्मा, रुमाल, थोडे पैसे आणि प्लगची काळी टोपी.

कळवायला मीच फोन केला. पलीकडचा पोलीस समजुतीनं बोलला. "तीन वाजता झालं, सर. बाकावर चहा घेऊन राह्यले होते. जागच्या जागीच गेले. कोणाले काही करता आलं नसतं."

हे तीनचं मी घट्ट धरून बसलो आहे. साडेपाचला मी खोटं बोललो तेव्हा सगळं संपलेलं होतं. तरी मनातून ते जात नाही. एक बाप चार-साडेचार तास बेवारस पडून होता आणि त्याच्या मुलाला फोनवर तो शाळेत दिसत होता.

वरवटला त्यांचं कोणी नव्हतं. चहावाल्यानं त्यांना पहिल्यांदाच पाहिलं होतं. जीपवाला म्हणाला, कुठवर जायचं विचारलं तर म्हणाले, जिथवर गाडी जाते तिथवर.

तेरवी झाल्यावर मुलगा शाळेत वडिलांची कागदपत्रं न्यायला आला. फोन मी आधीच दिला होता, शाळेत राहिला होता म्हणून. साडेपाचचं माझं बोलणं त्यानं काढलं नाही, काका अंदाजानं बोलले असं त्याला वाटलं असावं. तो माझ्या टेबलापाशी बसला, खिशातून ती टोपी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ही तुम्ही ठेवा, काका. मला बघवत नाही." मग म्हणाला, "बाबा आयुष्यात कधी काही विसरले नाहीत. नेमका त्या दिवशी फोन विसरले. फोन असता तर मी कोणाला तरी पाठवलं असतं. ते असे एकटे पडून राहिले नसते."

मी त्याच्याकडे बघत होतो. ते विसरले नव्हते, हे मला सांगायचं होतं. दर शनिवारी फोन जपून ठेवून जात होते, तुझ्यापासून, आणि मी राखण करत होतो. पण हे सांगितलं तर त्या पोराचं काय होईल? आणि नाही सांगितलं तर तो जन्मभर एका न झालेल्या विसरण्याला दोष देत बसणार. बाबूजींनीही मला कधी सांगा म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "विसरले."

तो गेला. टोपी मी ड्रॉवरमध्ये टाकली, फोन असायचा तिथंच. अजून शनिवारी शाळा सुटली की मी चार वाजेपर्यंत थांबतो. घरी सांगतो, वह्या आहेत. निघताना ड्रॉवर उघडून बघतो. जागच्या जागी असते.