पाटावर बसलेला डॉक्टर

अधिक महिन्यातल्या एका रविवारी माझे दाजी आमच्या घरी जेवायला आले. सोमवारी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले.

तरीही मी म्हणेन की आजारी माणूस ओळखण्यात दाजींचा हात धरणारा डॉक्टर साऱ्या नवी मुंबईत नव्हता. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वाशीच्या एका रुग्णालयात ते कॅज्युअल्टी सांभाळत. घरी त्यांना निळा शर्ट घालावा की पांढरा हेसुद्धा ठरवता येत नसे. ताई दोहोंतला एक लपवून ठेवी तेव्हा कुठे ते कामावर निघत. पण कॅज्युअल्टीच्या दारातून माणूस खाटेपर्यंत पोहोचेतो त्यांचं निम्मं ठरलेलं असे. चालताना त्याचा हात कुठे गेला, बोलताना वाक्य कुठे तुटलं, हे ते बघत. दुर्दैवाने ते बाहेरही बघत. बेलापूरच्या एका लग्नात त्यांनी वाकून वरपक्षातल्या एका काकांच्या पावलावर अंगठा दाबला, सुजेत खड्डा पडतो का ते पाहायला. नमस्कार करताहेत असं समजून काकांनी आशीर्वाद दिला. दाजींनी तो घेतला आणि लगेच, लघवी साफ होते ना, असं विचारलं. मी आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन अनोळखी माणसासारखा उभा राहिलो.

त्यांची एक पद्धत होती. 'काही नाही हो, जरा गॅस झालाय' असं म्हणणाऱ्या रुग्णावर ते काडीचा विश्वास ठेवत नसत. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाकडे वळून ते विचारत, 'रोजच्यापेक्षा आज वेगळं काय?' कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या एक आजी एकदा नवऱ्याला घेऊन आल्या. म्हाताऱ्याला अशक्तपणा वाटत होता, एवढंच. कार्डिओग्राम स्वच्छ होता आणि त्याला घरी जायची घाई होती. दाजींनी आजींना आपला नेहमीचा प्रश्न विचारला. आजी म्हणाल्या, 'सकालपासून मना येक पन शिवी नाय दिली.' दाजींनी म्हाताऱ्याला ठेवून घेतलं. दुपारच्या कार्डिओग्राममध्ये हार्ट अटॅक दिसला. पुढे तो वॉर्डात पुन्हा शिव्या देऊ लागला तेव्हा आजींनीच खाली येऊन वर्दी दिली, 'डाक्टर, बरा हाय आता.' ही हकिगत दाजी शिकाऊ डॉक्टरांना सांगत आणि शेवटी म्हणत, 'मशीनला बायको नसते.'

अधिक महिन्यात जावयाला विष्णूच्या जागी मानून जेवू घालतात. दाजींना असला मान घेताना अवघडल्यासारखं होई, पण अण्णांची हौस दांडगी. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, ताटात पुरणाचे धोंडे आणि अनारसे. शेजारच्या पाटावर अण्णा. जेवताना अण्णांनी दोनदा छातीच्या खाली हात फिरवला. दाजींनी ते पाहिलं. बरं वाटत नाही का, असं हळूच विचारलंही.

'काही नाही, जावईबापू. पुरण जरा जड झालं. तुम्ही घ्या, लाजू नका.'

आई मागे तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिच्याकडे वळायचं, एवढंच बाकी होतं. पण औक्षण झालेल्या जावयाने भरल्या ताटावरून उठून सासऱ्याची नाडी धरायची, आणि त्यांच्या देखत सासूला त्यांच्याबद्दल विचारायचं, हे आमच्याकडे कुणी केलं नसतं. दाजींनी अनारसा घेतला. निघताना अण्णांच्या हातावर ॲसिडिटीची गोळी ठेवली. दुसऱ्या दिवशी अण्णा दाढी करता करता कोसळले.

तेराव्याला माणसं पांगल्यावर दाजी आईसमोर फरशीवर येऊन बसले.

'आई, त्या दिवशी अण्णांचं रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं?'

'दोन दिवस जिन्यात थांबत होते. सोसायटीच्या नोटिसा वाचतोय म्हणायचे.'

'मी तुम्हाला विचारलं नाही.'

'कसं विचारणार? पाहुणे होता तुम्ही.'

आईने हे त्यांना धीर द्यायला म्हटलं होतं. दाजींनी मान खाली घातली, आणि आमच्या घरात तरी ती पुन्हा नीट वर आली नाही. खुर्ची पुढे केली तर ते दाराशी उभे राहत. पुढच्या अधिकात आईने बोलावलं तेव्हा ड्यूटी असल्याचं सांगितलं; ड्यूटी नव्हती, हे ताईनेच मला सांगितलं. कॅज्युअल्टीत ते गॅसवाल्या प्रत्येकाला ठेवून घेऊ लागले. खाटा अडल्या, वरिष्ठ कुरकुरले. सर, अर्धी वाशी ॲडमिट केलीत, असं सिस्टर म्हणत. पूर्वी अशा टोमण्यावर दाजींनी दुप्पट टोमणा दिला असता. आता ते फक्त पुढच्या रुग्णाच्या बायकोकडे वळत.

घरच्या माणसाच्या बाबतीत कुठल्याही डॉक्टरची नजर चुकते, असं मी एकदा त्यांना म्हणालो. मी ते कुठेतरी वाचलं होतं.

'नजर चुकली नव्हती,' दाजी म्हणाले. 'मला दिसलं होतं. जेवणातून उठायची लाज वाटली.'

आईने त्यांना कधी दोष दिला नाही. दिला असता तर ते सुटले असते, असं ताई म्हणते. मला नक्की सांगता येत नाही. त्या एका लाजेची लाज ते शेवटपर्यंत बाळगून होते आणि तिच्यापोटी किती अनोळखी माणसं वाचली असतील, हे त्यांनी कधी मोजलं नाही. आम्हीही त्यांना ते सांगितलं नाही.

मागच्या वर्षी दाजी गेले. आता आई, ताई आणि मी आहोत. आईचं दुखणंखुपणं आम्ही दोघं बघतो. आम्हाला त्यातलं फारसं कळत नाही.